रेड वाइनच्या पिंपात फिनिश केलेली, कमी वयाची सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, मोड आणलेल्या बार्लीची व्हिस्की) चवीला कशी लागते?

तांबूस झाकेला भुलू नका, वय चवीतून कळतंच. स्कॉच व्हिस्कीला ओकच्या पिंपात किमान ३ वर्षं मुरावं लागतं. फिनिश म्हणजे मूळ पिंपातून काढून पुढचे काही महिने, कधी त्याहून जास्त, वाइनच्या रिकाम्या पिंपात ठेवणं. लाकडात जिरलेली वाइन मग व्हिस्कीत उतरते.

परवा रंकाळ्याजवळ मित्राच्या गच्चीवर अशीच एक चाखली. पहिला वास झणकन नाकात गेला, ओल्या धान्यासारखा कच्चा. ग्लास दहा मिनिटं तसाच ठेवला, मग चमचाभर साधं पाणी घातलं. तेव्हा कुठे मनुका आणि पिकलेलं जांभूळ जाणवलं. घोट गिळल्यावर मात्र हिरड्या आक्रसल्या, जांभळं खाल्ल्यावर होतात तशा. हा टॅनिनचा तुरटपणा, वाइन आणि ओक दोन्हींतून येणारा. माझ्या मते वाइन इथे कोवळेपणा झाकते, घालवत नाही. तरी मला ती आवडली.

बर्फ नको, गारव्यानं वास दबतो. आणि तांबड्या रश्श्याबरोबर तर मुळीच घेऊ नका, तिखटानं अल्कोहोलची आग दुप्पट वाटते. रस्सा नंतर, जेवताना. सोबत भाजलेले, बिनमिठाचे शेंगदाणे पुरेत.