खारबांध फुटला की तो बांधायचा कुणी, सरकारने की गावाने?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रायगडमधल्या तुमच्या खाडीकाठच्या गावात उधाणाने (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीने) खाडीचं पाणी अडवणारा बांध फुटला, भातशेतीत खारं पाणी शिरलं. जुनी माणसं म्हणतात, आमच्या वेळी गाव उतरून बांध घालायचं; आता जो तो सरकारकडे बोट दाखवतो. मग जबाबदारी नक्की कुणाची, आणि कोकणी माणूस आळशी झालाय का?

आळशीपणाचं आधी निकालात काढू. पूर्वीचा गाव हौसेने चिखलात उतरत नव्हता. पेण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यात खाडी हटवून केलेल्या बऱ्याच जमिनी शिलोत्री पद्धतीच्या होत्या. बाहेरचा मोठा बांध शिलोत्रदाराने राखायचा आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून बिघ्यामागे ठरलेलं भात घ्यायचं, असा तो व्यवहार होता. इतर गावांत सारा वसूल करणारा वतनदार खोत होता आणि त्याचा शब्द मोडणं कुळाला परवडणारं नव्हतं. म्हणजे बांधाला मालक होता, दुरुस्तीची वसुली होती आणि हाक मारली की माणसं येतील असा धाकही होता. तो धाक किती जाचक होता ते अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांच्या संपाने दाखवलं. नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने 1933 पासून काही वर्षं शेतकऱ्यांनी जमीन कसायचीच नाकारली. पुढे 1949 च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने 1 एप्रिल 1957 रोजी कसणारा मालक झाला. हे व्हायलाच हवं होतं. पण वसुली करणारा गेला तशी बांधाची वसुलीही गेली, आणि तिच्या जागी गावाने स्वतःची काही व्यवस्था बहुतेक ठिकाणी उभी केली नाही. बांधाकडे सरकारने बघावं ही अपेक्षा तिथून आली. ती भीक नव्हे. 1948 चा आणि नंतर 1979 चा खारजमिनीचा कायदा सरकारने त्यासाठीच केला.

आता जबाबदारी. खारभूमीच्या, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेल्या जमिनीच्या, योजना दोन प्रकारच्या असतात, शासकीय आणि खाजगी. शासकीय योजनेतला मुख्य बांध आणि उघाड्या (शेतातलं पाणी खाडीत सोडणारी बांधातली झडपेची दारं) यांची देखभाल खारभूमी विभागाने करायची. खाजगी योजना शेतकऱ्यांची. तिथे विभाग सहसा हात लावत नाही. पुष्कळ गावांत मोर्चे निघतात, निवेदनं जातात आणि वर्षभराने कळतं की आपली योजना खाजगी आहे! म्हणून पहिलं काम हे: पेणच्या खारभूमी कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज द्या. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. चारच गोष्टी विचारा. योजना शासकीय की खाजगी, बांधाची लांबी आणि मंजूर उंची किती, शेवटची दुरुस्ती कधी झाली, त्यावर खर्च किती झाला. ‘बांधाची सर्व माहिती द्यावी’ असं लिहिलंत तर मोघम उत्तर येईल.

पण शासकीय असो की खाजगी, बांध एका दिवसात फुटत नाही, आणि खरी गोम इथे आहे. सुरुवात खेकड्याच्या नाहीतर उंदराच्या बिळाने होते. उन्हाळ्यात चिकणमाती आकसते, भेगा पडतात. उधाणाचं पाणी बिळातून झिरपायला लागतं आणि आतल्या अंगाला ओल दिसते. त्या दिवशी दोन माणसांनी बीळ खणून ओली चिकणमाती ठासली की विषय संपला. तसंच राहिलं तर माथा खचतो आणि खांड, म्हणजे बांधाला भगदाड, पडते. खांड भरतीपेक्षा ओहोटीच जास्त रुंद करते, कारण शेतात भरलेलं सगळं पाणी तेवढ्याच वाटेने जोरात बाहेर पडतं आणि तळ खरवडून नेतं. दोन-तीन फुटांची खांड चार-पाच भरत्यांत वीस-तीस फुटांची होऊ शकते, आणि मग ते गावाच्या आवाक्यातलं काम उरत नाही. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, ठेकेदार एवढं व्हायला पावसाळा निघून जातो.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. शासकीय योजनेत खांड बुजवणं, बांध उंच करणं, दगडी अस्तर लावणं, उघाडी नवी बांधणं ही सरकारची कामं आहेत आणि ती हक्काने मागावीत. बीळ बुजवणं आणि उघाडीच्या झडपेत अडकलेला ओंडका काढणं हे सरकार कधीच वेळेवर करू शकणार नाही, कारण ओल दिसल्यापासून तुमच्या हातात पुढच्या उधाणापर्यंतचाच वेळ असतो.  शिलोत्रदार गेल्यावर बांधावरून रोज फेरी मारणारा माणूसही गेला, आणि सरकारने बांध ताब्यात घेतला तरी त्या माणसाची जागा रिकामीच राहिली.

उघाडीबद्दल थोडं कडू बोलावं लागेल. झडप ओहोटीला बाहेर उघडते आणि भरतीच्या दाबाने आपोआप मिटते. ती मिटत नसेल तर दर वेळी सरकारचा दोष नसतो. प्लास्टिक, पेंढा, लाकूड अडकतं हे एक. दुसरं म्हणजे मासळी आणि कोळंबी आत यावी म्हणून कुणीतरी मुद्दाम फळी लावून ती उघडी ठेवतो. कोण ठेवतो हे वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच्याशी वाकडं कोण घेणार? त्यापेक्षा अधिकाऱ्याला शिव्या घालणं सोपं.

वर्गणीचंही असंच. मंदिराच्या जीर्णोद्धाराला मुंबईचं मंडळ लाखांनी पैसे पाठवतं, बांधावरच्या राखणदाराला वर्षाचे काही हजार निघत नाहीत. याला श्रद्धा विरुद्ध शेती असा रंग देऊ नये. मंदिराचा हिशेब पालखीच्या वेळी सर्वांसमोर वाचला जातो आणि पावतीवर नाव येतं. बांध ‘सरकारी’, तिथे पैसे टाकले तर ठेकेदाराचंच फावेल अशी शंका असते, आणि ती अगदीच खोटी नाही. त्यात सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, निम्मे हिस्सेदार डोंबिवली-विरारला, एकाच खरीप भातावर सुटणारे पैसे जेमतेम. सगळ्यांचा हिस्सा आहे तिथे कुणाच्याच जिवाला लागत नाही.

करायचं काय ते सांगतो. एप्रिलमध्ये खारभूमी विभागाच्या शाखा अभियंत्याला बोलावून पूर्ण बांध चालत बघा. दुबळ्या जागांचे जागेसह फोटो काढून यादी करा आणि त्यावर अभियंत्याची आणि गावाच्या वतीने एकाची सही घ्या. 1 मेच्या ग्रामसभेत त्या यादीसकट ठराव करा. गणपूर्ती 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातलं जे कमी असेल ते. ठरावाची पोच घेतलेली प्रत खारभूमी कार्यालय आणि तहसीलदार दोघांकडे द्या. पुढे बांध फुटला तर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणायची सोय राहत नाही.

राखणदार नेमायचा तर बिघ्यामागे रक्कम ठरवा, जूनपासून सप्टेंबरपर्यंतच नेमा आणि हिशेब मंदिरासारखाच जाहीर वाचा. अमावास्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याची फेरी चुकता कामा नये.

छोटी खांड गावाने बुजवायची असेल तर उधाणात झटू नका, अष्टमीच्या आसपासचा भांग (लहान भरतीचे दिवस) धरा. भरती कमी असते, शिवाय आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत ओहोटी दुपारच्या सुमाराला येते (खाडीत आत जाल तशी थोडी उशिरा), त्यामुळे भर दिवसा सलग चार-पाच तास काम होतं. दोन्ही अंगांना बल्ल्या (लाकडी वासे) ठोका, मध्ये मातीच्या गोणी आणि पेंढ्यात मळलेला चिकण गाळ थराथराने तुडवत भरा. मुरूम भरू नका. तो दिसायला दणकट, पण पाणी झिरपू देतो. माती बांधाच्या पायथ्यालगतची काढू नका, पायाच पोखरला जातो. ओली माती सुकली की बसते, म्हणून माथा मोठ्या उधाणाच्या खुणेपेक्षा चांगला दोन हात वर ठेवा. तिवरं (खाडीतली कांदळवनाची झाडं) तोडून माती काढायला मात्र अजिबात जाऊ नका, थेट गुन्हा दाखल होतो.

तिवरांमुळेच दिरंगाई महाग पडते. एकदा खारं पाणी शिरलं की जमीन गोडी व्हायला साधारण दोन-तीन पावसाळे जातात, तेही बांध बंद असेल आणि साचलेलं पावसाचं पाणी ओहोटीला उघाडीतून पुन्हा पुन्हा सोडलं तर. तोपर्यंत भुरा रता किंवा पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राची पनवेल-1, 2, 3 ही खार सोसणारी भातं लावता येतात. बांध तसाच उघडा राहिला तर काही वर्षांत शेतात तिवरं उगवतात, आणि उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे ती खाजगी जमिनीतही तोडता येत नाहीत. सातबारा तुमचा, जमीन कांदळवनाची.

नुकसानभरपाईचं बरेच जण आशा सोडून देतात, ते चूक आहे. राज्याने जाहीर केलेल्या आपत्तींत समुद्राचं उधाण आहे. पीक 33 टक्के किंवा त्याहून जास्त गेलं असलं पाहिजे, आणि पंचनामा तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक मिळून करतात. पाणी उभं असतानाच फोटो काढून लेखी अर्ज द्या. मुख्य अडचण ई-पीक पाहणीची असते. मोबाइलवरून भाताची नोंद केलेली नसेल तर सातबाऱ्यावर पीक दिसत नाही, आणि नसलेल्या पिकाची भरपाई मागायला तुम्ही जाता. गावातल्या एखाद्या कॉलेजच्या पोराला बसवून ऑगस्टमध्येच सगळ्यांच्या नोंदी उरकून घ्या. मुंबईकर हिस्सेदारांच्या गटांच्याही.