‘१०० जी रेडी’ हे शब्द कुणी लिहिले?

प्रश्न : आम्ही तिघे मित्र महाप्यात केबलिंगची भागीदारी फर्म चालवतो. ऐरोलीतल्या एका डेटा सेंटरमध्ये मुख्य कंत्राटदाराकडून हाय-डेन्सिटी फायबरचं काम घेतलं : ओएम४ दर्जाच्या फायबरचे एमपीओ ट्रंक (एकाच जोडात १२ फायबर असलेल्या मुख्य केबल), कॅसेट (त्या १२ फायबरचे सुटे जोड काढणाऱ्या डब्या), पॅनेल. पीओ (खरेदीची ऑर्डर) ४१ लाख ३० हजारांची, त्यात माल आणि लेबर वेगवेगळं लिहिलेलं. काम संपलं, टेस्ट रिपोर्टवर त्यांच्या सह्या झाल्या, १० जीवर (सेकंदाला १० गिगाबिट वेगावर) सगळं सुरू झालं, ७० टक्के पैसे मिळाले. पाच महिन्यांनी त्यांनी कॅसेट काढून १०० जीची उपकरणं लावली, पॅच कॉर्ड (उपकरण पॅनेलला जोडणाऱ्या छोट्या केबल) स्वतःच आणल्या. ३२ पैकी ९ लिंक अपच होत नाहीत, ५ लिंकवर एरर येतात. आता ‘केबल चुकीची निवडली’ म्हणून उरलेले १२ लाख ३९ हजार अडवलेत, वर नव्या केबलिंगचे ९ लाख नोटिशीने मागितलेत. केबल आम्ही कन्सल्टंटच्या बीओक्यूप्रमाणेच (माल-कामाच्या यादीप्रमाणेच) दिली होती. आमचा माल काढून आणता येईल का? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : माल काढून आणायचा विचार आधी डोक्यातून काढा. ताबा दिला की न मिळालेल्या पैशांसाठी माल अडवून ठेवण्याचा विक्रेत्याचा हक्क संपतो, आणि तुमचे ट्रंक तर पाच महिने त्यांच्या रॅकमध्ये आहेत. तुमची मुलं रात्री जाऊन पॅनेल उतरवायला लागली तर पैशांचा वाद बाजूला राहील आणि पोलीस ठाण्यात चोरीची तक्रार होईल. आज तुम्ही पैसे मागणारे आहात. आरोपी होऊ नका.

आता मूळ मुद्दा. ‘केबल चुकीची’ हे वाक्य कायद्यात तसंच्या तसं चालत नाही. चुकीची कशाच्या तुलनेत, आणि निवड कुणाची, हे आधी ठरावं लागतं. माल विक्री कायदा, १९३० चं कलम १६ असं सांगतं की माल कशासाठी हवा हे ग्राहकाने विक्रेत्याला कळवलं असेल आणि विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो त्या कामाला योग्य असण्याची हमी विक्रेत्यावर येते. निवड कन्सल्टंटने केली आणि तुम्ही फक्त बीओक्यूच्या ओळी भरून दिल्या, तर हे कलम तुम्हाला सहसा चिकटत नाही.

पण तुम्ही पाठवलेलं तुमचंच कोटेशन मी वाचलं. दुसऱ्या पानावर, पॅनेलच्या ओळीखाली, तिरक्या अक्षरांत छापलंय : ‘ओएम४, १०० जी रेडी’. बीओक्यूमध्ये हे शब्द नाहीत. ते तुमचे आहेत, बहुधा माहितीपत्रकातून उचललेले. समोरचा वकील याच ओळीवर बोट ठेवणार. वर्णनाप्रमाणे माल हवा हे कलम १५ आणि योग्यतेचं कलम १६, दोन्ही त्याच्या हातात या तीन शब्दांनी दिली. (सेल्सवाल्यांनी कोटेशन लिहावं आणि वकिलांनी ते वाचावं, हा क्रम उलटा व्हायला हवा असं मला दर वेळी वाटतं.)

म्हणून बचाव ‘आम्ही बीओक्यूप्रमाणे दिलं’ एवढ्यावर उभा करू नका. ‘आमची केबल १०० जी रेडी होती आणि आहे’ असा उभा करा. त्यासाठी त्या १४ लिंक वेगवेगळ्या कराव्या लागतील, कारण मला त्यात एक नाही, दोन वेगळ्या बिघाडांचा वास येतो.

आधी नऊ लिंक. प्रकाशच पोचत नाही, असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. १०० जीच्या एसआर४ मॉड्यूलला (उपकरणातल्या प्रकाश पाठवणाऱ्या-घेणाऱ्या भागाला) एमपीओच्या १२ पैकी ८ फायबर लागतात, चार पाठवायला आणि चार घ्यायला. या टोकाचा पाठवणारा फायबर त्या टोकाच्या घेणाऱ्यावर यायला हवा. तुमचे ट्रंक टाइप ए, म्हणजे सरळ. मग दोन टोकांच्या पॅच कॉर्डपैकी एक ए आणि एक बी (फायबरचा क्रम उलटा करणारी) हवी. दोन्हीकडे एकाच टाइपची लावली तर पाठवणारा पाठवणाऱ्यासमोर येऊन बसतो. कॉर्ड त्यांनी आणल्या, तुम्ही नाही. तपासात हेच निघालं तर नऊ लिंकचा दोष त्यांच्या खरेदी विभागाचा. आणि इथे करार कायद्याच्या कलम ७३ चं स्पष्टीकरण कामाला येतं : नुकसान मोजताना ते टाळण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे हाताशी असलेले उपाय धरावेच लागतात. नऊ कॉर्ड बदलून काम होत असेल तर नव्या केबलिंगचे पैसे कसले?

पाच एररवाल्या लिंक मला जास्त अवघड वाटतात. एसआर४ला ओएम४ वर १०० मीटरपर्यंत प्रकाशाची एकूण १.९ डीबी (डेसिबल) हानी चालते. काचेत ९० मीटरला साधारण पाव डीबी जाते, बाकी सगळी जोडांत. साध्या एमपीओ जोडाला मानकात ०.७५ डीबीपर्यंत मुभा आहे. दोन जोड असले तर दीड, म्हणजे निभावतं. चार असले तर तीन, म्हणजे हद्द ओलांडली. तुमच्या आराखड्यात दोनच जोड दिसतात. पण फोटोंत मधल्या रांगेत एक क्रॉस-कनेक्ट पॅनेल (वाटेत जास्तीचे जोड आणणारं) आहे, जे आराखड्यात नाही. ते कुणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून घातलं? त्यांनी मागाहून घातलं असेल तर या पाचही लिंकचं ओझं बरंच हलकं होतं. तुम्ही घातलं असेल, आणि लो-लॉस (कमी हानीचे) जोड न वापरता, तर या पाच लिंकपुरती तडजोड करायची तयारी ठेवा. ते मला आत्ताच सांगा, कोर्टात कळायला नको.

टेस्ट रिपोर्टवर तुम्ही फार भरवसा ठेवलाय. एक पान बघा : लॉस १.६२, लिमिट २.९०, मार्जिन १.२८, पास. हा ‘पास’ १० जीच्या लिमिटचा आहे. १०० जीबद्दल तो काही सिद्ध करत नाही. शिवाय तो कॅसेटसकट मोजलेला आहे, आणि कॅसेट आता तिथे नाहीत.

पण त्याच पानावरची सही दुसऱ्या कामाची आहे. माल तपासायची संधी मिळाली, स्वीकारला, पाच महिने वापरला, कॅसेट काढून मांडणीही बदलली. यानंतर माल विक्री कायद्याच्या कलम ४२ आणि १३ प्रमाणे त्यांना माल नाकारता येत नाही. हमी मोडली असं म्हणून कलम ५९ खाली किमतीतून नुकसान वजा मागता येतं, पण ते नुकसान त्यांनी सिद्ध करायचं. ‘माल चुकीचा म्हणून एक पैसा देणार नाही’ हा पवित्रा टिकणारा नाही. हे काम अविभाज्य (माल आणि मजुरी वेगळी न करता येणारं) कंत्राट आहे, माल विक्री कायदा लागतच नाही, असंही ते म्हणू शकतात. पीओत माल आणि लेबर वेगळं असल्याने त्यावर उत्तर आहे. आणि नुसता करार कायदा लावला तरी नुकसान सिद्ध करण्याचं ओझं त्यांच्यावरच राहतं.

वसुलीचा रस्ता कुठला? सगळे तुम्हाला एमएसएमईच्या सुविधा परिषदेत (लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांचे वाद ऐकणाऱ्या) जायला सांगतील. २००६ चा तो कायदा खरोखर दमदार आहे : ४५ दिवसांत पैसे, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. पंधरा दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल स्वीकारलाच असं धरतात, आणि त्यांची हरकत तर पाच महिन्यांनी आली. पण दोन खड्डे आहेत. कार्यकंत्राटाला (माल आणि मजुरी एकत्र असलेल्या कंत्राटाला) हा कायदा लागू नाही असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलेलं आहे. आणि तुम्ही तयार माल विकत घेऊन पुढे विकता. व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणीचा (एमएसएमई म्हणून होणाऱ्या सरकारी नोंदणीचा) फायदा प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरताच आहे. उद्यम प्रमाणपत्रावर नेमकं काय लिहिलंय आणि ते पीओच्या आधीचं आहे का, हे पाहिल्याशिवाय मी परिषदेचा अर्ज करणार नाही. तिथे दोन वर्षं घालवून ‘अधिकारक्षेत्र नाही’ ऐकण्यात अर्थ नाही.

पीओत लवादाचं कलम नाही, म्हणून व्यापारी न्यायालयातला दावा मला जास्त पटतो. त्याआधी २०१५ च्या कायद्याच्या कलम १२ए प्रमाणे मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा अंतरिम दिलासा मागायचा नसेल तर ती टाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. तुमच्या बाबतीत ती फायद्याचीच, कारण सेंटर चालू ठेवायची घाई त्यांना आहे. भागीदारी फर्म निबंधकाकडे नोंदलेली आहे ना? नसेल तर १९३२ च्या कायद्याचं कलम ६९ तुमचा दावा दारातच अडवील. आज नोंदणीला टाका.

नोटिशीला उत्तर मी लिहीन. त्यात संयुक्त तपासणीची मागणी असेल : दोघांची माणसं हजर, प्रत्येक जोडाच्या टोकाचा मायक्रोस्कोपखाली फोटो (निम्म्या ‘खराब केबल’ धुळीने खराब असतात), मग १०० जीच्या लिमिटवर मोजणी, जागेवर सह्या. तपासणी नाकारली तर तेही आपल्या उपयोगाचं. मीटरमधल्या मूळ फाइल कुणी उघडून पुन्हा सेव्ह करू नका. २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) असलेलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ज्यांच्याकडून ट्रंक घेतले त्यांनाही आजच पत्र द्या, हमीची मुदत चालू असेपर्यंत.

नोटिशीत पंधरा दिवस दिलेत, त्यातले सहा गेले. उद्या साइटवर तुमचा माणूस जाणारच आहे, तर त्याला एकच काम सांगा : कशाला हात न लावता, बंद नऊ लिंकच्या दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्डवर छापलेला टाइप वाचता येईल असे १८ फोटो, त्यांच्या इंजिनिअरसमोर. संध्याकाळपर्यंत पाठवा.