‘मिळेल ते वर टाकू, की हवं ते?’ : इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म भरताना

सीईटीचा निकाल लागला की ऑप्शन फॉर्मची (हव्या त्या कॉलेज-शाखांच्या क्रमवार यादीची) मुदत संपेपर्यंत, प्रवेशाचं मार्गदर्शन करताना एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी ऐकू येतो. “मॅडम, मुलीला ८८ टक्के आहेत सीईटीला. कॉम्प्युटर मिळंल का? आणि पहिल्या नंबरला काय टाकायचं? जे नक्की मिळंल ते वर टाकावं म्हणत्यात, न्हाईतर तेबी हातचं जातंय.”

हा प्रश्न तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार वडिलांचा. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. मुलगी ओबीसी प्रवर्गातली, अकरावी-बारावी लातूरला राहून केलेली. सीईटीत ८८.६ पर्सेंटाइल. बारावीला फिजिक्स, गणित आणि केमिस्ट्री मिळून ३०० पैकी १७३.

पहिली गोष्ट पात्रतेची, कारण ती लगेच मिटते. फिजिक्स आणि गणित सक्तीचे. त्यांच्या जोडीला केमिस्ट्री किंवा नियमात दिलेला कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्ससारखा विषय. तिन्हींत मिळून ४५ टक्के लागतात. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गाला, ईडब्ल्यूएसला आणि दिव्यांगांना ४० टक्के चालतात. म्हणजे ३०० पैकी खुल्याला १३५, हिला १२०. तिचे १७३ होते, तो विषय तिथेच संपला. आणि ८८.६ पर्सेंटाइल म्हणजे ८८ टक्के गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतले ८८-८९ जण तिच्या बरोबरीने किंवा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. यादी लागते ती या पर्सेंटाइलवर. बारावीचे गुण दाराशी विचारतात. आत रांग लावते ती सीईटी.

वडिलांनी फॉर्मची कच्ची प्रिंट आणली होती. त्यात सातच पर्याय होते आणि सातही सांगली-कोल्हापूरकडचे. पहिल्या नंबरला एका खासगी कॉलेजची एआय-डेटा सायन्स, तीही टीएफडब्ल्यूएसच्या (ट्यूशन फी माफीच्या जागांच्या) चॉईस कोडने. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “फी माफ हाय, आणि गेल्या साली शहाऐंशीला मिळालंय. आमच्या शेजारच्या सरांनी बघून दिलंय.” प्रत्येक पर्यायापुढे लाल पेनाने मागच्या वर्षीचा कटऑफ लिहिलेला होता आणि सगळे आकडे ८८ च्या खालचे होते. फॉर्म भरून ‘सेव्ह’ही केला होता, फक्त ‘कन्फर्म’ करायचा राहिला होता. ते राहिलं म्हणून बरं. एक सांगून ठेवावंसं वाटतं: नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात धरला जात नाही. कन्फर्म करून प्रिंट हातात आली, तरच फॉर्म भरला असं समजायचं.

आता ते लाल आकडे. कटऑफच्या तक्त्यात एका शाखेखाली वीस-पंचवीस रकाने असतात आणि डोक्यावर आगगाडीसारखी अक्षरं. ती उलगडली की तक्ता सोपा होतो. सुरुवातीचं जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग: ओपन, ओबीसी, एससी वगैरे. शेवटचं अक्षर सगळ्यांत दुर्लक्षित आणि सगळ्यांत महत्त्वाचं. एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे त्याबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. विद्यापीठाशी संलग्न खासगी कॉलेजांत एच-ओ अशा विभागलेल्या जागांपैकी ७० टक्के होम युनिव्हर्सिटीच्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना असतात.

होम युनिव्हर्सिटी गावावरून ठरत नाही. बारावी जिथून झाली, त्या कॉलेजच्या ठिकाणावरून ठरते. घर तासगावला, बाग तासगावला, रेशनकार्ड तासगावचं; पण बारावी लातूरची, म्हणजे हिचं होम युनिव्हर्सिटी नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. शेजारच्या सरांनी वाचला होता जी-ओबीसी-एच. हिला सांगली-कोल्हापूरकडच्या खासगी कॉलेजांत बघायचे होते ते ओ ने संपणारे रकाने, तेही चार: एल-ओबीसी, जी-ओबीसी, एल-ओपन आणि जी-ओपन. राखीव प्रवर्गातली मुलगी गुणवत्तेत बसली तर खुल्या जागेवरही जाते, म्हणून चारही बघायचे. ते रकाने उघडले तेव्हा सातपैकी पाच पर्यायांचे आकडे तिच्या वर निघाले. ‘नक्की मिळणारे’ म्हणून निवडलेले पर्याय नक्की नव्हतेच.

बारावी लातूरला, नांदेडला किंवा पुण्याला करणाऱ्या मुलांच्या घरी ही चूक वारंवार दिसते. राजस्थानातल्या कोट्याला बारावी केलेल्यांचं तर उमेदवारीचं टाइपच बदलतं आणि अधिवासाच्या दाखल्यावर सगळं येऊन ठेपतं. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी टाइप ई ही वेगळी सोय आहे, ती बेळगाव-निपाणीकडच्या पालकांनी जरूर बघावी.

यातून एक चांगली गोष्टही निघाली. ज्या संस्थांच्या जागा राज्यस्तरीय आहेत (मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी यांसारख्या), तिथे शेवटी एस असतो आणि लातूर-तासगाव असा फरकच राहत नाही. घरच्यांनी ‘लांब आहे’ म्हणून एक सरकारी कॉलेज यादीबाहेर ठेवलं होतं. तिथली इलेक्ट्रिकल एस च्या रकान्यात गेल्या वर्षी तिच्या आसपासच बंद झाली होती.

मुलगी तोपर्यंत गप्प होती. तिला ‘कोणती शाखा आवडते’ असं विचारलं नाही, कारण त्याला मुलं ‘कॉम्प्युटर’ असंच उत्तर देतात. विचारलं, घरी काय काय उघडून बघितलंस? ती म्हणाली, मोटरचा स्टार्टर. रात्री पाणी द्यायच्या वेळेला मोटर ट्रिप व्हायची. तिने पेटीचं झाकण काढून वडिलांना सांगितलं होतं की ओव्हरलोड रिले पडत नाही, प्रिव्हेंटर (एखादा फेज गेला की मोटर बंद करणारं साधन) पाडतोय, एक फेज कमी येतोय. वडील म्हणाले, “व्हय, वायरमननं तेच काढलं दुसऱ्या दिवशी.” सतरा वर्षांच्या मुलीने तीन फेज ओळखणं हे शाखा निवडायला पुरेसं नाही, पण कुठल्याही कल चाचणीपेक्षा आम्ही त्याला जास्त वजन देतो.

वडिलांची काळजी खरी होती: मुलगी, इलेक्ट्रिकल, साइटवरचं काम. त्यांना सांगितलं की इलेक्ट्रिकल म्हणजे खांबावर चढणं नव्हे. प्रोटेक्शन, डिझाइन, कंट्रोल, सोलर, महावितरण-महापारेषणच्या अभियंता भरत्या, सगळं त्यात येतं. कॉम्प्युटरचं दारही बंद होत नाही. नव्या शैक्षणिक धोरणाच्या आराखड्यात दुसऱ्या शाखेचं मायनर (जोडीचे विषय) घेता येतं, आणि पहिल्या वर्षानंतर रिकाम्या जागा असल्या तर गुणवत्तेने शाखाबदलही होतो.

इथे टीएफडब्ल्यूएसची गाठ सोडवावी लागली. या जागा मंजूर जागांच्या ५ टक्के असतात, त्याही मंजूर जागांच्या वर, जादाच्या. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. माफ होते ती फक्त ट्यूशन फी, बाकीची भरावीच लागते. जागा मूठभर असल्याने कटऑफ बहुधा त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षा चढा. आणि यातून प्रवेश घेतलेल्याला पुढे शाखा किंवा कॉलेज बदलता येत नाही. या मुलीला ती घ्यायचं कारणच नव्हतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना कॅपमधून (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) प्रवेश घेतल्यास ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. फी माफीसाठी ज्या जागेत तिला अडकवलं जात होतं, ती माफी तिला तशीही मिळणार होती. घरात मुलगा असता तर हिशोब वेगळा झाला असता, म्हणून शेजारच्याचा फॉर्म बघून आपला भरू नये.

राहिला क्रम. वाटप कसं होतं ते कळलं की निम्मी भीती जाते. गुणवत्ता यादीतल्या क्रमाने एकेकाचा नंबर येतो. तुमचा नंबर आला की संगणक तुमचा पहिला पर्याय बघतो. तुम्ही पात्र असलेल्या कुठल्याही प्रकारची जागा तिथे शिल्लक असली तर देतो, नसली तर दुसरा, मग तिसरा. एखादं कॉलेज तुम्ही नवव्या नंबरला लिहिलं म्हणून ते तुमच्या मागच्या मुलाला जात नाही. वरचे आठ हुकले तर नववी जागा तुमच्याच नंबरावर मिळते. म्हणून अवघड पर्याय वर लिहिण्यात काहीच जात नाही. ‘मिळेल ते वर’ लिहिलं तर मात्र मिळतं ते तेच, आणि खालची आवडती जागा संगणक बघतसुद्धा नाही.

पण वरच्या ओळी जपूनच भरायच्या. २०२५-२६ च्या प्रवेशांत कॅपच्या चार फेऱ्या झाल्या आणि सक्तीचा नियम असा होता: पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी एखादा, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. नाकारला तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. दर वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी कक्ष काढतो, त्यातलं हे पान आधी वाचावं. हिच्या कच्च्या फॉर्ममधली पहिली ओळ समजा लागली असती, तर पहिल्याच फेरीत नको ती शाखा कायमची गळ्यात पडली असती.

क्रम लावायला आम्ही चिठ्ठ्या वापरतो. एका चिठ्ठीवर एकच: कॉलेज आणि शाखा. कटऑफ लिहायचा नाही. दोन चिठ्ठ्या समोर ठेवायच्या आणि विचारायचं, या दोन्ही जागा आज हातात आल्या तर कुठली घेशील? जिंकलेली वर. मग पुढची चिठ्ठी. पालकांनी या वेळी बोलायचं नाही, फक्त खर्च, हॉस्टेल आणि अंतर या तीन गोष्टी आधी सांगून ठेवायच्या. सव्वा तास लागला. शेवटी ४१ पर्याय झाले (फॉर्ममध्ये ३०० पर्यंत चालतात). वर सरकारी आणि अनुदानित कॉलेजांच्या इलेक्ट्रिकल, ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकम्युनिकेशन), इन्स्ट्रुमेंटेशन. मधे खासगीतल्या चांगल्या इलेक्ट्रिकल आणि दोन कॉम्प्युटर. शेवटी नांदेड विद्यापीठाच्या हद्दीतली दोन कॉलेजं, जिथे तिला एच चा रकाना लागू होत होता. ‘नाइलाज म्हणून जाईन’ अशा सहा चिठ्ठ्या तिने स्वतः फाडल्या. जिथे जायचंच नाही, ते फॉर्मात नको.

तिच्या कागदांत एक भोक होतं. जातीचा दाखला होता, जात पडताळणीच्या अर्जाची पावती होती, पण नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र त्याच वर्षीच्या ३१ मार्चला संपलेलं. २०२५-२६ साठी ते ३१ मार्च २०२६ पर्यंत वैध असलेलं लागत होतं. नोंदणीच्या वेळी अर्जाची पावती चालते; मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपर्यंत दाखल झालं नाही, तर उमेदवार थेट खुल्या प्रवर्गात जातो आणि चारातले दोनच रकाने उरतात. वडील त्याच दुपारी तहसीलला गेले.

पहिल्या फेरीत नववा पर्याय आला, एका खासगी कॉलेजची इलेक्ट्रिकल. लॉगिनमध्ये जाऊन जागा स्वीकारली, १,००० रुपये भरले आणि बेटरमेंट (ही जागा हातात ठेवून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायांसाठी थांबणं) निवडलं. दुसऱ्या फेरीच्या फॉर्मला बसताना एक सूचना फार जोर देऊन दिली: आता फक्त वरचे आठ. पुढच्या फेरीत काहीही मिळालं की हातातली जागा आपोआप रद्द होते. त्यामुळे हातातल्या जागेपेक्षा कमी आवडणारा एकही पर्याय पुन्हा लिहायचा नाही, ‘असू दे’ म्हणूनसुद्धा नाही. दुसऱ्या फेरीत नवीन काही आलं नाही, पहिलीच जागा राहिली. वडिलांचा फोन आला, “थांबावं का आता? हाय ते पक्कं करू का?” बेटरमेंटमध्ये वरचं मिळालं नाही तर हातचं जात नाही, हे त्यांना पुन्हा एकदा समजावलं.

तिसऱ्या फेरीत त्या लांबच्या सरकारी कॉलेजची इलेक्ट्रिकल आली, दुसऱ्या क्रमांकाचा पर्याय, एल-ओबीसी-एस. पहिल्या सहांतला, म्हणून सक्तीचा. पण सक्तीची गरजच नव्हती. नॉन-क्रीमी लेअर चार दिवस आधी हातात आलं होतं.

कॉलेजात रिपोर्टिंगला (प्रवेश पक्का करायला) जाताना तिला यादी दिली: दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, सीईटीचं स्कोअरकार्ड, अधिवास, जात, पडताळणीची पावती, नॉन-क्रीमी लेअर, उत्पन्नाचा दाखला, वाटपाचं पत्र, आणि प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. फी माफी आपोआप लागत नाही. महाडीबीटीवर (सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर) अर्ज करायचा, तोही दर वर्षी नव्याने, आणि त्याआधी तिच्या स्वतःच्या नावाच्या बँक खात्याला आधार जोडलेलं हवं. तिचं खातं वडिलांबरोबर जॉइंट होतं. प्रवेशाच्या दुसऱ्या दिवशी ती आधी बँकेत गेली.