शोरूमचे 7 टक्के, बँकेचे 9

प्रश्न : मी कराड तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. नवी गाडी ऑन-रोड साडेआठ लाखांना पडते. अडीच लाख साठवलेत, सहा लाखांची सोय करायची आहे. शोरूममधला फायनान्सवाला 7 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी, 13,500 रुपये हप्ता सांगतो. माझा पगार जमा होतो ती बँक 9 टक्के म्हणते. सासरे म्हणतात, माझी आठ लाखांची ठेव मोड, कर्ज कशाला हवं? काय करू?
— एक शिक्षिका, कराड

उत्तर : ताई, हप्त्याचा आकडा लिहिलात ते बरं केलंत. 13,500 गुणिले 60 म्हणजे 8,10,000. सहा लाखांवर 2,10,000 व्याज झालं. हे सात टक्के 'फ्लॅट' आहेत. शेवटच्या वर्षी तुमच्याकडे सव्वा-दीड लाखच मुद्दल उरलेलं असतं, पण व्याज मात्र पूर्ण सहा लाखांवर चालू राहतं. बँकेचे 9 टक्के घटत्या शिलकीवर, म्हणजे फेडायच्या राहिलेल्या मुद्दलावरच असतात. त्यांचा हप्ता साधारण 12,455 येईल आणि एकूण व्याज 1,47,000 च्या आसपास. म्हणजे बासष्ट-त्रेसष्ट हजारांचा फरक. बँकेच्या पद्धतीने मोजलं तर शोरूमचा दर साडेबारा टक्क्यांच्या घरात जातो.

कर्जाच्या टेबलावर मी नोकरीची बरीच वर्षं काढली. लोक पाव टक्क्यासाठी घासाघीस करायचे, पण टक्का कुठल्या रकमेवर धरलाय हे क्वचितच कोणी विचारायचं.

1 ऑक्टोबर 2024 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने नव्या किरकोळ कर्जासोबत 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा दर, म्हणजे एपीआर, त्यात लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो कागद दोघांकडूनही मागा. फायनान्सवाला 'साहेब आले की देतो' म्हणाला, तर चहा घ्या आणि घरी या.

आता सासऱ्यांची ठेव. मोडायची तर गरजच नाही. मुदतीआधी मोडली की व्याज कमी मिळतं. त्याच ठेवीवर कर्ज काढता येतं, ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. ठेवीवरचं व्याज चालू राहतं आणि गाडीच्या आरसीवर बोजाही, म्हणजे कर्ज देणाऱ्याच्या हक्काची नोंदही, चढत नाही. नुसत्या हिशेबाने पाहिलं तर हा मार्ग बँकेच्या गाडीकर्जापेक्षाही स्वस्त पडू शकतो. तरीही मी तो सुचवणार नाही. कर्ज फिटेपर्यंत ठेव अडकून राहते. मध्येच त्यांच्या दवाखान्याचा खर्च निघाला, तर स्वतःच्याच पैशासाठी त्यांना सुनेला विचारावं लागेल. असले प्रसंग घरात न आलेले बरे.

शिक्षकांच्या पतसंस्थेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. सभासद असाल तर दर विचारून ठेवा. हप्ता पगारातून परस्पर कापला जातो, ही सोय मोठी. मात्र जामीनदार द्यावे लागतात, आणि आज जे तुम्हाला जामीन राहतील ते उद्या तुमच्याकडे फॉर्म घेऊन येतील, हे धरून चाला.

मी तुमच्या जागी असते तर पगाराच्या बँकेतूनच कर्ज घेतलं असतं. 13,500 चा हप्ता झेपणार असेल तर तो बँकेलाच भरा, कर्ज 55व्या महिन्यात संपेल. त्याआधी मुदतपूर्व फेडीचा दंड किती ते लेखी घ्या. गाडीकर्ज बहुधा स्थिर दराचं असतं आणि त्यावर असा दंड लागू शकतो. गाडीचा विमा शोरूममधूनच घ्या, असा आग्रह होईल. तसं बंधन नाही, बाहेर दोन ठिकाणी दर विचारा.

आणि शेवटचा हप्ता गेला की बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 घेऊन आरटीओत जा, आरसीवरचा बोजा उतरवून घ्या. विम्याच्या पॉलिसीवरही बँकेचं नाव असतं, तेही त्याच आठवड्यात काढायला सांगा. गाडी विकायची वेळ आली की ही कामं आठवतात, आणि तेव्हा गिऱ्हाईक दारात उभं असतं.