वाचक विचारतात : नऊच्या जागी अकराच्या तारा

नवरात्र जवळ आली की गरब्याच्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांची पत्रं येऊ लागतात. या खेपेच्या पत्रांतली बरीचशी इलेक्ट्रिक गिटारला जाड तारा लावण्याबद्दलची आहेत, म्हणून हा अंक त्याच विषयाला दिला आहे.

प्रश्न : ऑर्केस्ट्रात रिदम वाजवतो. गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तारा नऊच्या. जोरात स्ट्रमिंग केलं की सूर क्षणभर चढतो आणि दर दोन रात्रींनी पहिली तार तुटते. सगळे म्हणतात, सरळ अकराचा सेट टाक. नेकला धोका आहे का? आणखी काय बदलावं लागेल? (मांजलपूर, वडोदरा)

उत्तर : आधी तुटलेल्या तारेचं बघू. तार फेकण्याआधी ती कुठे तुटली ते पाहा. दरवेळी ब्रिजच्या सॅडलवरच, म्हणजे बॉडीच्या बाजूला तार टेकते त्या छोट्या तुकड्यावर, तुटत असेल तर तिथे धातूची बारीक धार आहे, आणि ती अकराची तारही कापेल. सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरची घडी करून ती जागा गुळगुळीत करा. खुंटीपाशी तुटत असेल तर भोकाची कड तपासा. पिक लागतं तिथे तुटत असेल तर मात्र कारण हाताचा जोर आणि घामाचा गंज. त्या एकाच बाबतीत जाड तारेचा खरा उपयोग होतो.

सूर चढण्याची तक्रार वेगळी आहे आणि तिथे तुमचे मित्र बरोबर आहेत. सारख्याच जोराने मारलं तर जाड तार कमी हेलकावते, म्हणून कमी ताणली जाते आणि सूर कमी चढतो. पण नऊवरून एकदम अकरावर जाऊ नका. हे आकडे म्हणजे पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नऊच्या जागी दहा लावली की पहिल्या तारेचा ताण २३ टक्क्यांनी वाढतो आणि अकरा लावली की जवळजवळ दीडपट होतो. २५.५ इंच लांबीच्या गिटारवर सहा तारांचा एकूण ताण नऊच्या सेटला सुमारे ३८ किलो, दहाच्या सेटला ४७ आणि अकराच्या सेटला ५३ किलो असतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक आवरणारी सळई) असलेली धड नेक हे सहज पेलते. प्रश्न तुमच्या डाव्या हाताचा आहे. पहिल्याच रात्री तीन तास अकरावर बारे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून) धरले तर तिसऱ्या रात्री अंगठ्याचं मूळ धरतं. आमचं मत : १०-४६ (पहिल्या आणि सहाव्या तारेची जाडी) घ्या. जोर मुख्यतः खालच्या सुराच्या, जाड तारांवर असेल तर ९-४६चा मिश्र सेटही चालेल. त्यात पहिल्या तीन, बारीक तारा तुमच्या सवयीच्याच राहतात.

आता गिटार. तारांचा ताण एका बाजूला, नेक आणि ट्रेमोलोच्या (आर्म म्हणजे दांडीने हलणाऱ्या ब्रिजच्या) स्प्रिंगा दुसऱ्या बाजूला, असा हा तराजू आहे. एका पारड्यात वजन वाढलं की दुसरीकडेही टाकावं लागतं.

पहिला निर्णय ट्रेमोलोचा. गरब्यात तुम्ही आर्म वापरत नसाल (रिदमला कशाला लागतो?) तर मागचं झाकण काढून पाचही स्प्रिंगा लावा आणि लाकडात घुसलेले दोन्ही मोठे स्क्रू आवळत जा, ब्रिजची पट्टी बॉडीवर सपाट टेकेपर्यंत. तार जाड असो की बारीक, ब्रिज मग जागचा हलत नाही. त्याहून मोठा फायदा असा की चालू गाण्यात एखादी तार तुटली तरी बाकीच्या पाच सुरात राहतात. तरंगत्या ब्रिजवर एक तुटली की उरलेल्या सगळ्या चढतात. ब्रिज खाली बसल्यावर तारा फ्रेटच्या जवळ येतात, म्हणून सॅडल थोडे वर घ्यावे लागतील. आर्म हवाच असेल तर पट्टीची मागची कड बॉडीपासून सुमारे ३.२ मि.मी. उचललेली ठेवा. दहाच्या सेटवर त्यासाठी ते दोन स्क्रू आणखी आत घ्यावे लागतात. अर्धा फेरा, पुन्हा सूर, पुन्हा अर्धा फेरा, अशा तीन-चार खेपा होतात.

मग नेक. नव्या तारा पूर्ण सुरात लावल्यावर पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, सहावी तार नेक-बॉडीच्या जोडापाशी, साधारण सतराव्या फ्रेटवर दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. फीलर गेज नसेल तर स्कूटर मेकॅनिककडे प्लगची गॅप मोजायची पट्टी असते, ती हीच. तीही नको असेल तर नव्या सेटमधल्या पहिल्या तारेचा खुंटीपाशी कापलेला तुकडा घ्या. दहाची तार म्हणजे ०.२५ मि.मी., आणि साडेनऊ ते बारा इंच गोलाईच्या फ्रेटबोर्डला नेमकी तेवढीच फट लागते. तुकडा घसटत जातो : ठीक. खाली सैल पडतो : तारांनी नेक पुढे ओढली आहे, रॉड आवळायला हवा. रॉडच्या टोकाकडे पाहत किल्ली घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, एका वेळी फार तर पाव फेरा. आवळण्याआधी मधल्या दोन तारा थोड्या सैल करा. नऊवरून दहावर जाताना एवढ्यात काम भागतं. किल्ली बरोबर मापाची हवी. रॉडच्या इंचाच्या नटात मिलिमीटरची ॲलन की घालून षटकोन गोल झालेल्या नेक दुरुस्तीला कायम येतात. रॉड जड लागला तर जोर करू नका, कारागिराकडे जा.

नेक एक रात्र तशीच राहू द्या, पुन्हा मोजा आणि मगच ॲक्शनला, म्हणजे तारांच्या फ्रेटवरच्या उंचीला, हात लावा. सतराव्या फ्रेटवर दोन्ही कडांना १.६ मि.मी. ही सुरुवात. जाड तार कमी थरथरते, त्यामुळे पूर्वीपेक्षा किंचित खाली ठेवूनही खडखडत नाही. शेवटी बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर ट्युनरवर ताडून पाहा. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर नेकच्या बाजूला. जाड तार ताठ असल्याने सॅडल बहुधा मागेच जातात. पिकअपही जरा खाली घ्या. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या तारेखाली १.६ आणि सहावीखाली २ मि.मी. जागा ठेवा. सिंगल कॉइलचं चुंबक फार जवळ असेल तर वरच्या फ्रेटवर सहावी तार दोन सुरांत डळमळते आणि दोष उगाच इंटोनेशनला (फ्रेटवर सूर बरोबर जुळण्याला) दिला जातो.

हे सगळं घटस्थापनेच्या आदल्या दिवशी करू नका. आठ-दहा दिवस आधी करा. बडोद्यात भाद्रपदाची ओल अश्विनात उतरू लागते आणि नेक हवेप्रमाणे हलते. आदल्या दिवशी फक्त फट पुन्हा मोजा.

प्रश्न : दहाचा सेट काढून अकराचा लावला. आता तिसरी तार सुरात लावताना नटपाशी (खुंट्यांकडे जाणाऱ्या तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीपाशी) ‘टिक’ असा आवाज येतो आणि बेंड केल्यावर ती सुरात परत येत नाही. नट नवा बसवावा का? (कारेलीबाग, वडोदरा)

उत्तर : इतक्यात नको. तार नटच्या खाचेत अडकते आहे. सूर लावताना ताण खुंटीच्या बाजूला साठतो आणि एकदम सुटतो, तोच ‘टिक’. पण तुमच्या तिसऱ्या तारेची जाडी १७ वरून १८ झाली आहे, म्हणजे फक्त ०.०२५ मि.मी. फरक. एका पायरीसाठी बहुतेक वेळा कानस लागतच नाही. आधी खाच जुन्या टूथब्रशने साफ करा, त्यात मऊ पेन्सिलचं शिसं घासून भरा आणि दोन दिवस वाजवा.

तरी अडकली तर पाहा : तार खाचेच्या तळाशी बसते की दोन्ही काठांवर अडकून वर राहते? वर राहत असेल तर खाच फक्त रुंद करायची, खोल नाही. तिसरीसाठी पॉलिश पेपर दुमडून दोन्ही भिंती घासा. वाऊंड (वर दुसरी तार गुंडाळलेल्या) तारांच्या खाचांसाठी त्याच जाडीच्या जुन्या तारेचा तुकडा कानशीसारखा पुढे-मागे ओढला तरी प्लास्टिकचा नट पुरेसा झिजतो. तळाचा उतार खुंट्यांकडे हवा आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवरच टेकायला हवी. उतार उलटा झाला तर मोकळी तार सतारीसारखी जवारी देते, आणि गिटारवर ती कुणाला नको असते.

तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर तार जेमतेम सुटी दिसली पाहिजे. टेकलीच तर खाच खोल गेली. मग खाण्याचा सोडा भरून वर फेव्हिक्विकचा एक थेंब, वाळल्यावर पुन्हा खाच. हे टिकतं, पण कायमचं नाही. आणि एक लक्षात ठेवा, रुंद केलेल्या खाचेत उद्या पुन्हा बारीक तारा लावल्या तर त्या आत खेळतील. अकराच्या तारा महिनाभर वाजवून पसंत पडल्या तरच पेपर हातात घ्या.

प्रश्न : फ्लॉइड रोज (नटवर तारा आवळून धरणारा, तरंगता) ब्रिज आहे. दहाचा सेट लावल्यापासून ब्रिज पुढे झुकून वर आला आहे आणि सूर लागतच नाही. एक तार लावावी तर आधीची उतरते. (रावपुरा, वडोदरा)

उत्तर : ते उतरणारच. प्रत्येक तार चढवली की ब्रिज आणखी पुढे ओढला जातो आणि बाकीच्या सैल पडतात. नटवरचे तीन क्लॅम्प सोडा, फाइन ट्युनर (ब्रिजवरचे सूर बारीक जुळवायचे स्क्रू) मधोमध आणा. मागच्या पोकळीत ब्रिजच्या ठोकळ्यापाशी अशा जाडीचं लाकूड बसवा की पट्टी बॉडीला समांतर राहील. आता सूर लावा, ब्रिज हलणार नाही. मग स्प्रिंगांचे दोन्ही स्क्रू सारखे आवळत जा. स्प्रिंगांचा जोर तारांइतका झाला की लाकूड सैल होऊन हाताने निघतं. ते काढून सूर पाहा, किरकोळ फरक स्प्रिंगांच्या स्क्रूवर घ्या आणि शेवटी क्लॅम्प लावा. तीन स्प्रिंगा असतील आणि स्क्रू टोकाला गेले असतील तर चौथी लावा.

दोन चुका टाळा. तारांचा पूर्ण ताण असताना ब्रिजचे उंचीचे दोन खांब फिरवू नका, चाकूसारखी धार झिजते आणि मग ब्रिज जागेवर परतत नाही. आणि पुढच्या वेळी सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदला.

प्रश्न : आमचा बँड अर्धा सूर उतरवून वाजवतो, काही गाणी ड्रॉप डी मध्ये (सहावी तार ई ऐवजी डी वर). गेज, म्हणजे तारांची जाडी, कोणतं? जाड तारेने टोन भारी होतो का? (फतेगंज, वडोदरा)

उत्तर : अर्धा सूर उतरवलं की ताण ११ टक्क्यांनी कमी होतो, पूर्ण सूर उतरवलं की २० टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणून अर्धा सूर उतरवलेला अकराचा सेट हाताला जवळपास मूळ सुरातल्या दहाच्या सेटसारखा लागतो. मूळ सुरातल्या ड्रॉप डीसाठी १०-५२ घ्या. ५२ची सहावी तार डी वर आणली की तिचा ताण ई मधल्या ४६इतका होतो. तुमची गिटार गिब्सन पद्धतीची, २४.७५ इंची असेल तर ताण सहा टक्क्यांनी आणखी कमी, तेव्हा एक पायरी जाड घ्यायला हरकत नाही.

टोनबद्दल आमचं मत कोरडं आहे. जाड तार पिकअपला थोडा जास्त सिग्नल देते आणि सूर स्थिर ठेवते, बाकी बहुतेक काम ॲम्प आणि हात करतात. ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉन तेराच्या तारा लावत, हे सगळे सांगतात. ते अर्धा सूर उतरवून वाजवत, हे क्वचित कुणी सांगतं. आणि ब्लॅक सॅबथ या हेवी मेटल बँडचे टोनी आयोमी यांनी बोटांना इजा झाल्यामुळे उलट बारीक, सैल तारा वापरल्या. त्यांचा आवाज काही हलका म्हणता यायचा नाही.

प्रश्न : मुलाच्या क्लासिकल गिटारला नायलॉनऐवजी स्टीलच्या तारा लावल्या तर आवाज मोठा होईल ना? (दांडिया बाजार, वडोदरा)

उत्तर : लावू नका. अकूस्टिकच्या बाराच्या स्टील सेटचा ताण ७० किलोच्या पुढे जातो, नायलॉनचा त्याच्या निम्म्याच्या आसपास. बहुतेक क्लासिकल गिटारच्या नेकमध्ये ट्रस रॉड नसतो आणि ब्रिज फक्त चिकटवलेला असतो. काही दिवसांत नेक वाकेल किंवा ब्रिज उखडेल. आवाज मोठा हवा असेल तर नायलॉनचाच ‘हार्ड टेन्शन’ सेट मिळतो, तो लावा.

प्रश्न : जॅझ शिकायला १२-५२ चा सेट घेतला. त्यात तिसरी तारही वाऊंड आहे. पाच तारांचं इंटोनेशन जुळलं, तिसरीचं जुळत नाही. सेट खराब आहे का? (लश्कर, ग्वाल्हेर)

उत्तर : सेट चांगला आहे. ताठपणा ठरतो तो आतल्या गाभ्याच्या जाडीवर. साध्या तिसऱ्या तारेत सगळी जाडी गाभ्याचीच, म्हणून तिचं सॅडल चौथीपेक्षाही मागे असतं. तुमच्या २४च्या वाऊंड तारेचा गाभा त्याहून पातळ आहे, तेव्हा तिचं सॅडल नेकच्या बाजूला, चौथीच्या पुढे यायला हवं. तुम्ही बहुधा ते जुन्याच जागेच्या आसपास हलवत आहात, म्हणून बाराव्या फ्रेटवर सूर उतरा येतो. ट्यून-ओ-मॅटिक (गिब्सन पद्धतीच्या) ब्रिजवर स्क्रूची हद्द संपली तर ते एक सॅडल काढून उलटं बसवा, आणखी एखाद मिलिमीटर मिळतं. त्याची खाच २४च्या तारेला अरुंद पडत असेल तर तीही हलकेच रुंद करावी लागेल. आणि तिसरीवर पूर्ण सुराचे बेंड आता विसरा.