पांढऱ्या तुकड्याला शून्य म्हणू नकोस

प्रिय मुली,

तुझा पुण्याचा नकाशा दोनदा पाहिला. पाणी तुंबल्याच्या तक्रारींचे लाल ठिपके सोसायट्यांच्या भागात दाट पडलेत. पाटील इस्टेट आणि ताडीवाला रस्ता या नदीकाठच्या वस्त्या मात्र पांढऱ्याशुभ्र. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की जिथली माणसं शाळेत हलवायची वेळ येते, तिथे तुझ्याकडे एक ठिपका नाही. वर तू विचारतेस, ‘डेटाच असं सांगतोय, तर मी त्याच्या विरोधात कशी जाऊ?’

डेटा असं काही सांगत नाही. तक्रार नव्हती त्या रकान्यांत सॉफ्टवेअरने ० भरलं आणि तू ते राहू दिलंस. ० म्हणजे ‘विचारलं, त्रास नाही’. रिकामा रकाना म्हणजे ‘विचारलंच नाही’. हे दोन वेगळे ठेव. बाकीचं पत्र विसरलीस तरी चालेल.

ॲपवरच्या तक्रारीचा प्रवास बघ. ओटीपी लागतो, घरात फोन एक, तो नवऱ्याच्या खिशात आणि नवरा कामावर. दुपारी तीनला गटाराचं चेंबर उसळतं तेव्हा घरात बाई एकटी असते. ॲपला सोसायटीचं नाव हवं. तिचा पत्ता ‘मारुतीच्या देवळामागचा तिसरा बोळ’. कुणाच्या तरी फोनवरून ठिपका टाकलाच, तर चार हात रुंद बोळात, दोन्हीकडे पत्रे असताना जीपीएस सहज पंधरा-वीस मीटर सरकतो आणि तक्रार नाल्यापलीकडे जाऊन बसते. तिथे जाणाऱ्याला सगळं कोरडं दिसतं, ‘निराकरण झाले’ असा शेरा पडतो. पुढच्या पावसात ती कशाला तक्रार करेल? तुझ्या तक्त्यात आणखी एक खोटं शून्य.

म्हणून जागेची नोंद बोळाच्या तोंडाशी, मोकळ्या आभाळाखाली घे. तिथून आत किती पावलं ते लिही आणि जवळच्या विजेच्या खांबाचा नंबर टीप. खांब सरकत नाही.

दारात ‘पाणी येतं का’ असं विचारू नकोस. ‘कुठून आलं’ विचार: नाल्यातून, चेंबरमधून, की पत्र्यातून? तिन्हींची कामं वेगळी, खातीही बहुधा वेगळी. नाल्यातून आलं तर गाळ, रस्त्याखालची अरुंद मोरी किंवा पडलेली भिंत बघायची. चेंबरमधून आलं तर पुष्कळदा नदी फुगून गटाराच्या नळाचं नदीकडचं तोंड बुडालेलं असतं आणि पाणी उलटं फिरतं. तिथे नालेसफाई कितीही करा, घरात पाणी येणारच. नळाच्या तोंडाला एकाच बाजूने उघडणारी झडप लागते. आणि त्या झडपेत प्लास्टिकची पिशवी अडकली की ती उघडीच राहते, म्हणून ती कोण आणि कधी साफ करणार हेही त्याच कागदावर हवं. पाण्याची उंची ‘गुडघाभर’ अशी लिहायची नाही. कुणाचा गुडघा? भिंतीवरचा डाग दाखवायला सांग आणि जमिनीपासून सेंटिमीटर मोज. भिंत रंगवून घेतली असेल तर गॅसची टाकी कुठवर बुडाली ते विचार, बायका बरोब्बर सांगतात.

‘वस्त्या निळ्या पूररेषेच्या बाहेर आहेत, मग धोका कसा?’ हेही तू लिहिलंस. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्ही नदीच्या पाण्याचा हिशेब सांगतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला अचानक पूर येऊन जे झालं, ते मुठा नदीच्या रेषा पाहून कुणाला कळलं असतं?

उन्हाच्या नकाशातही तू तेच केलं आहेस. लँडसॅट उपग्रह इथून सकाळी अकराच्या सुमारास जातो आणि छपराचं तापमान मोजतो. तुझ्या फाइलमध्ये चौकोन ३० मीटरचा दिसतो, पण उष्णता मोजली जाते ती १०० मीटरच्या चौकोनात. त्यात वस्तीतली कितीतरी घरं एकत्र येतात. रात्री दहाला पत्र्याखालची खोली किती तापलेली असते, हे त्याला कुणी विचारलेलंच नाही. एप्रिल-मेमध्ये साधी तापमान-आर्द्रता मोजणारी दहा-बारा यंत्रं घे. आधी सगळी एका खोलीत रात्रभर शेजारी ठेव आणि प्रत्येकातला फरक लिहून काढ, नाहीतर यंत्रांमधला फरक घरांमधला फरक म्हणून छापशील. मग छातीच्या उंचीवर, शेगडीपासून लांब टांग. दुपारी दोन, रात्री नऊ, पहाटे पाच, किमान आठवडाभर. निम्मी घरं पत्र्याची, निम्मी स्लॅबची. वर चढायची वेळ आली तर लोखंडी पत्र्यावर बोल्टच्या रांगेवरच पाय ठेव. सिमेंटच्या पत्र्यावर मुळीच चढायचं नाही, तो आवाज न करता फुटतो.

मी याबाबतीत हेकट आहे, असं तुला कुणीतरी सांगेलच. आहे. रिकामे रकाने शून्य धरून केलेल्या अहवालांवर माझ्याही सह्या आहेत. मुदत जवळ आली होती, माणसं कमी होती. कारणं खरी होती आणि मी ती अजून देते, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

पथविक्रेत्यांच्या यादीकडेही एकदा बघ. २०१४ च्या कायद्याप्रमाणे पाच वर्षांतून किमान एकदा सर्वेक्षण करायचं असतं. ते सकाळी अकराला टॅबलेट घेऊन केलं, तर संध्याकाळी लागणारी भुर्जीची गाडी यादीत येईल कशी?

पुराच्या संदेशाचा तुझा मसुदा वाचला. ‘अमुक हजार क्युसेक’ कोणासाठी? क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर, हे माहीत असूनही पाणी आपल्या दारात येणार की नाही ते कळत नाही. पुणेकर ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ असं म्हणतात, कारण ते डोळ्यांना दिसतं. प्रत्येक वस्तीसाठी अशी एक खूण शोध, घाटाची पायरी किंवा देवळाचा ओटा, आणि संदेशात तीच लिही. फोनवर पाठव, शिवाय भोंग्यावरून सांगायची सोय कर.

आता काम. नकाशातला पांढरा रंग काढून टाक. विचारलं आणि त्रास नाही, तिथे हिरवा. विचारलंच नाही, तिथे राखाडी तिरप्या रेघा, आणि कोपऱ्यात किती घरांपैकी किती घरं विचारली ते मोठ्या अक्षरांत. राखाडी भाग जास्त निघाला तर लाजू नकोस. तो कमी करायला घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘स्वच्छ’च्या बायकांना सोबत घे, कुठल्या दारात कधी कोण असतं ते त्यांना ठाऊक असतं. त्यांच्या वेळेचे पैसे दे. नुसत्या चहावर भागवू नकोस.

ता. क. पावसात फॉर्म भिजतात. पेन्सिल ने, जेल पेन नको.