लाँग बीचचा कट, नॉम पेन्हमध्ये गोळीबार

प्रश्न : कंबोडियन फ्रीडम फायटर्सचा हल्ला झाला कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, मग त्यांच्या म्होरक्यावर खटला अमेरिकेत कसा चालला?

उत्तर : कारण सरकार उलथवण्याचा कट शिजला तिथेच. कंबोडियाचे तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन यांची राजवट कम्युनिस्टच आहे, असं म्हणत ही संघटना 1998 मध्ये उभी राहिली. म्होरक्या छुन यासिथ हा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचचा अकाउंटंट. मे 2000 मध्ये तिथेच धक्क्याला कायम उभ्या असलेल्या क्वीन मेरी या जुन्या जहाजावर त्यांनी निधीसाठी कार्यक्रम केला. म्हणजे लपूनछपून फार काही नव्हतंच!

24 नोव्हेंबर 2000 च्या पहाटे काही डझन माणसं एके-47, रॉकेट लाँचर घेऊन संरक्षण मंत्रालय आणि मंत्रिमंडळाच्या इमारतीवर चालून गेली. तासाभरात सगळं आटोपलं. सैन्यातला एकही गट फुटून त्यांच्या बाजूला आला नाही, आणि त्याशिवाय एवढ्याशा माणसांनी राजधानी काबीज होत नसते. पकडलेल्यांवर कंबोडियात खटले चालले.

अमेरिकेशी शांततेचे संबंध असलेल्या देशावर अमेरिकेतून लष्करी मोहीम काढणं तिथे 1794 पासून गुन्हा आहे. ते कलम लागलंच, शिवाय परदेशात खून करण्याच्या कटाचंही. यासिथला 2005 मध्ये अटक झाली, 2008 मध्ये तो दोषी ठरला आणि 2010 मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप सुनावली.